मुरूम फुटल्यावर : नांदेड-लातूरच्या चेहऱ्यांचा आढावा

लातूरच्या शिकवणी भागातल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटं उभं राहावं. तापाची गोळी, ओआरएसची पाकिटं, खोकल्याचं औषध अशी मागणी चाललेली असते आणि मधेच एक दबका आवाज येतो, "भैया, पिंपलवर चांगली ट्यूब द्या एखादी." दुकानदार एकदा चेहऱ्याकडे बघतो, मागच्या फळीवरून ट्यूब काढतो, पैसे घेतो. वय विचारलं जात नाही, पाळी नियमित आहे का हे विचारलं जात नाही, आधी काय लावलंय हेही नाही. नांदेडला भाग्यनगरकडे गेलात तरी हेच. त्या ट्यूबमध्ये नेमकं काय आहे, आणि ती लावण्याआधी आरशासमोर नखांनी काय केलेलं आहे, या दोन गोष्टींभोवती आपल्याकडचा मुरमांचा सगळा प्रश्न फिरतो. मुरूम येणं फारसं कुणाच्या हातात नसतं. त्याचा डाग होणं, खड्डा पडणं मात्र बरंचसं आपल्याच हातून होतं, आणि बहुतेक वेळा घाईपोटी होतं.

घाई या दोन शहरांच्या अंगवळणी पडली आहे. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून राज्यभर गेलेल्या, परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमध्ये दिवसाचा तास न् तास मोजलेला असतो. नांदेडही त्याच वाटेवर उभं राहिलं. दर जूनमध्ये परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून १५ ते १८ वर्षांची मुलंमुली बॅगा, गाद्या, घरचे लाडू घेऊन इथल्या खोल्यांत उतरतात. मुरमांचं वयही नेमकं हेच. १२ ते २४ या वयात शंभरातल्या सुमारे ८५ जणांना कमी-अधिक मुरूम येतात, असा त्वचारोगशास्त्रातला सर्वमान्य अंदाज आहे. म्हणजे होस्टेलच्या एका मजल्यावर वीस जण राहत असतील, तर त्यातल्या सोळा-सतरा जणांना हा त्रास होत असतो किंवा होणार असतो. आणि तरी प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच झालंय.

मुरूम होतो तो असा. चेहरा, छाती, पाठ इथल्या प्रत्येक बारीक लवेच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना पुरुषी संप्रेरकं वाढतात (ती मुलींच्या शरीरातही असतात) आणि या ग्रंथी जाग्या होतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत, तेलात चिकटतात आणि त्यांचं बूच बसतं. बुचाचं तोंड बंद असेल तर पांढरा ठिपका दिसतो, उघडं असेल तर काळा. हा काळेपणा मळाचा नसतो, त्यात त्वचेचंच रंगद्रव्य असतं, म्हणून कितीही घासलं तरी तो निघत नाही. बुचाखाली हवा पोचत नाही. तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो. तो सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो, अस्वच्छ माणसाच्याच नव्हे. शरीर त्याच्याशी झुंजायला लागलं की लाली, ठणका, पू येतो. आणि त्या झुंजीत छिद्राची भिंत बऱ्याचदा आतल्या बाजूला फुटते. बाहेरून आपण दाबतो तेव्हा थोडा पू वर येतो आणि बाकीचं द्रव्य त्या फुटक्या भिंतीतून आणखी खोल ढकललं जातं. दुसऱ्या दिवशी तीच पुटकुळी दुप्पट सुजलेली दिसते, ती यामुळे.

ओळख जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पिटिकांची उपमा शाल्मलीच्या काट्यांना दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. किनवट-माहूरच्या रानात कोवळ्या सावरीचं खोड ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते सांगावं लागणार नाही. रुंद बुडाचा, वर टोक आलेला तो काटा आणि गालावरची टणक पुटकुळी, दोन्ही एकाच घडणीची.

माझ्या डाव्या गालावर जबड्याच्या जरा वर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा आहे. अकरावीत असताना, मामाच्या लग्नाच्या आदल्या रात्री, उद्या फोटोत दिसेल म्हणून एक पुटकुळी मी फोडली. पांढरं टोक आलं नव्हतं, तरी फोडली. रक्त थांबेना तेव्हा घरातल्या मोठ्या बाईने मायेने लिंबाची फोड चोळली. आग झाली तेव्हा "लागतंय म्हणजे लागू पडतंय" असं सांगितलं. त्या चुकीचा राग कुणावर नाही, पण आज लिहिताना मला सगळ्यात जास्त जागा त्या पुढच्या दोन-तीन दिवसांना द्यायची आहे. कारण मुरमांवर काय लावावं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, फुटलेल्याचं काय करावं हे कुणीच सांगत नाही.

फुटलेली पुटकुळी ही जखम आहे. गुडघा फुटल्यावर आपण जेवढी काळजी घेतो तेवढी तिलाही हवी.

आधी साबणाने हात धुवावेत. मग सौम्य फेसवॉशने किंवा नुसत्या पाण्याने चेहरा धुवावा. पाणी बोअरचं, मचूळ असेल तर या एका वेळेपुरतं प्यायचं पाणी घ्यावं, तांब्याभर पुरतं. स्वच्छ सुती कापडाने किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गॉजने टिपून घ्यावं, पुसू नये. रक्त येत असेल तर गॉज ठेवून पाच मिनिटं न उचलता हलका दाब द्यावा. आपोआप येतो तेवढा पू येऊ द्यावा, आत राहिला असेल म्हणून पुन्हा दाबू नये, राहिलेलं शरीर स्वतः निस्तरतं. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं धरावा.

यानंतरची गोष्ट आपल्या समजुतीच्या उलटी आहे. आपल्याकडे जखम वाळली, खपली धरली की बरं वाटतं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने 'नेचर' या नियतकालिकात डुकरांच्या त्वचेवरचा एक प्रयोग मांडला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली, उघडी ठेवून खपली धरू दिलेली जखम मागे राहिली. कारण सोपं आहे. नव्या पेशींना जखमेवरून सरकत जायचं असतं, आणि कोरड्या कडक खपलीखालून त्यांना वाट खणत जावं लागतं. म्हणून फुटलेल्या जागेवर, तेवढ्याच जागेवर, साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावावा आणि दिवसातून दोनदा धुऊन पुन्हा लावावा. तेलकट चेहऱ्यावर जेली म्हटल्यावर मुलं दचकतात. पण ही जेली छिद्रं बंद करून मुरूम आणणाऱ्यांतली नाही, आणि आपण ती सगळ्या तोंडाला फासत नाही आहोत. हल्ली हायड्रोकोलॉइडचे छोटे पारदर्शक पॅच मिळतात. ते लस शोषून घेतात, जखम ओली राखतात, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा उपयोग हा की बोटं तिथवर पोचत नाहीत.

जखम बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार दिवस, त्या एका ठिपक्यावर मुरमांचं औषध लावू नये. बाकी चेहऱ्यावर चालू ठेवावं. खपली आलीच तर ती स्वतः पडेपर्यंत थांबावं. त्या दिवसांत पार्लरमध्ये जाऊन ब्लीच, वाफ, फेशियल काहीही करू नये. मुलांनी त्या जागेवरून वस्तरा फिरवू नये, आणि मित्राचा रेझर तर कधीच नको.

आता काय लावू नये ते. टूथपेस्ट नको, ती दातांसाठी केलेली आहे, त्वचेला भाजते. डेटॉल, स्पिरिट, आफ्टरशेव्ह नको, ते जंतूंबरोबर नव्या पेशीही जाळतात. लिंबू तर अजिबात नको. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा पोळतात आणि मागे महिनोन्महिने टिकणारा तपकिरी डाग ठेवतात. मे महिन्यात ४२ अंशांत लिंबू चोळून क्लासला चालत जाणाऱ्या मुलीचं काय होत असेल याचा विचार करावा. हळदीबद्दल मी जपून बोलतो. तिच्यातल्या कर्क्युमिनवर पुष्कळ संशोधन झालं आहे, दाह कमी करण्याचा गुण त्यात दिसतो. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, काहींना तिची ॲलर्जी येते, आणि ती उघड्या जखमेत भरायची वस्तू नाही. सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, चंदन, मुलतानी माती हे न फुटलेल्या त्वचेवर लावून कुणाला थंड वाटत असेल तर वाटो. फुटलेल्या जागेवर यातलं काहीच नको. कोरफडीचा ताजा गर लावायचा झाला तरी जखम बंद झाल्यावर, आणि कापल्यावर निघणारा पिवळा चीक धुऊन टाकून.

एक धोका क्वचितच संभवतो, पण माहीत हवा. नाकाच्या वरच्या भागापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण डोळ्यांसमोर आणावा. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी येतो. तिथली पुटकुळी फोडल्यावर लाली पसरत गेली, पापणी सुजली, ताप आला, डोकं जबर दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता मोठा दवाखाना गाठावा. इतरत्रही दोन-तीन दिवसांत ठणका वाढतच गेला, गाठ गरम आणि कठीण झाली, तर तो साधा मुरूम राहिलेला नाही, जंतुसंसर्ग असू शकतो.

काही मुलांना फोडल्याशिवाय राहवत नाही. परीक्षा जवळ आली की अभ्यासिकेत वाचता वाचता बोटं आपोआप गालावर चालतात, एक संपली की दुसरी. त्यांना आई फोनवर रागावते, रूम पार्टनर हसतात. त्वचा खुडत राहणं हा मानसिक ताणाशी जोडलेला, वैद्यकशास्त्राने ओळखलेला विकार आहे, आणि रागावून तो वाढतो. नखं कापलेली ठेवणं, टेबलावरचा आरसा हलवणं, पॅच लावणं याने थोडं सावरतं. नाही सावरलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटू नये.

मग ती ट्यूब.

मेडिकलमधून 'चांगली' म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. कुठे एकटं, कुठे जंतुनाशक आणि बुरशीनाशकाबरोबर, कुठे डाग घालवणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणात. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते. चेहरा उजळ दिसतो. मुलगी खूश होते, ट्यूबचं नाव मैत्रिणीला सांगते, मैत्रीण तिसरीला. तीन-चार आठवड्यांनी खरी किंमत मोजावी लागते. त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही, आणि एकसारखे दाट मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा आगीसारखा पेटतो. म्हणून ती पुन्हा लावली जाते, आणि हे चक्र वर्षभर चालतं.

हे काही माझं निरीक्षण नव्हे. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, तोंडाला स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. आणि त्यातून झालेल्या दुष्परिणामांत सगळ्यात वर होते मुरूम. म्हणजे ज्याच्यासाठी लावलं, तेच वाढलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला, २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची पळवाट बंद केली. कागदावर बंद केली. दुकानाच्या काउंटरवर ती अजून उघडी आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते.

ट्यूब हातात आली की तिच्यावरचं बारीक अक्षर वाचावं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं एकही नाव दिसलं तर मुरमांवर ती लावू नये. आधीच महिनोन्महिने लावत असाल तर एकदम फेकूनही देऊ नये. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू, दुसऱ्या औषधाच्या आधाराने उतरवतात.

ज्या ट्यूबवर काहीच छापलेलं नसतं ती त्याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. गोरं करणारं स्थानिक क्रीम वापरणारी कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण भरपूर निघालं. डबीवर घटक, कंपनी, परवाना क्रमांक नसेल तर ती चेहऱ्याजवळ आणू नये, मग ती कुणीही दिलेली असो.

औषधं आहेत, आणि चांगली आहेत. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सगळा पुरावा तपासून नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ठामपणे शिफारस केलेली औषधं इथल्या दुकानांत वर्षानुवर्षं मिळतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे त्यातलं साधं आणि स्वस्त औषध, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. ते जिवाणू मारतं आणि त्याच्याविरुद्ध जिवाणूंना प्रतिकारशक्ती येत नाही. अडीच टक्क्यांपासून सुरुवात करावी, पाच टक्के सगळ्यांनाच सोसत नाही. ते कापडाचा रंग घालवतं, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घालावा. आणि ते थंड जागी ठेवावं. फार उष्णतेत त्यातून बेन्झीन हे घातक द्रव्य तयार होऊ शकतं, असं २०२४ मध्ये पुढे आलं. नंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादनं तपासली, बहुतेकांत ते नगण्य निघालं, थोड्या बॅचेस मागे घेतल्या गेल्या. घाबरण्यासारखं नाही, पण पत्र्याच्या खोलीत खिडकीवर किंवा गाडीच्या डिकीत ती ट्यूब एप्रिल-मेमध्ये पडू देऊ नये.

दुसरं ॲडापलीन, छिद्रातलं बूचच तयार होऊ न देणारं. हे रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला लावायचं असतं, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. आलेल्या पुटकुळीवर ठिपका ठेवून भागत नाही. हे औषध उद्या येणाऱ्या पुटकुळीसाठी आहे. पहिले तीन-चार आठवडे कोरडं पडतं, जळजळतं, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. तिथेच मुलं सोडून देतात. निकाल दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. एकांतराने लावावं, वर साधं मॉइश्चरायझर लावावं, पण टिकून राहावं. गरोदरपणात ते वापरू नये.

क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची जेल एकटी लावू नये, तिच्याबरोबर बेन्झॉइल पेरॉक्साइड हवंच, नाहीतर काही महिन्यांत जिवाणू तिला जुमानत नाहीत. पोटात घ्यायचं डॉक्सिसायक्लिन डॉक्टरच्या सल्ल्याने, साधारण तीन-चार महिन्यांपुरतं. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्या घेतल्या आडवं होऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. तिच्यामुळे ऊनही जास्त बाधतं.

आयसोट्रेटिनॉइनवर थांबून बोललं पाहिजे. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध खोल गाठींच्या, खड्डे पाडणाऱ्या मुरमांत दुसऱ्या कशालाही जमत नाही ते करतं. तेलग्रंथीच आकसतात. ओठ फाटतात, रक्तातली चरबी आणि यकृत तपासावं लागतं, ते सगळं सांभाळता येतं. सांभाळता न येणारी गोष्ट एकच. या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा धोका फार मोठा आहे. म्हणून गोळ्या सुरू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. आता आपल्याकडे या गोळ्या मुलीला कधी आठवतात? लग्न ठरल्यावर. साखरपुडा झाला, हळदीला दोन महिने उरले, चेहरा स्वच्छ हवा. लग्नानंतर पाळणा लांबवायचा, असं सासरी म्हणायची तिची हिंमत नसते, डॉक्टरांसमोर विषय काढायची आईला लाज वाटते. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या पाकिटाचं तर विचारूच नका. डॉक्टरांना लग्नाची तारीख आधी सांगितली पाहिजे, एवढं तरी प्रत्येक आईने लक्षात ठेवावं. या काळात रक्तदानही करायचं नसतं, मुलांनीसुद्धा.

पाळीबद्दलही असाच संकोच. जबड्याच्या कडेने, हनुवटीवर सतत खोल मुरूम, जोडीला पाळी दोन-दोन महिने लांबणं, ओठांवर-हनुवटीवर राठ केस, तर पीसीओएस या अंडाशय-संप्रेरकांच्या विकाराची शक्यता तपासावी लागते. तिथे वरून लावण्याची कितीही मलमं बदलली तरी उपयोग होत नाही.

खाण्याचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. "उष्णता झाली" हे आपलं उत्तर तयार असतं. शास्त्राचं उत्तर थोडं सावध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावरच्या १,२०० आणि पॅराग्वेतल्या आचे जमातीच्या ११५ लोकांना तपासलं तेव्हा एकालाही मुरूम आढळला नाही. त्यांच्या आहारात साखर-मैदा फारच कमी होता. २००७ च्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार बारा आठवडे घेतलेल्या तरुणांचे मुरूम जास्त कमी झाले. प्रयोग लहान होता. तरी मेसच्या ताटाकडे बघताना मला तो आठवतो. सकाळी पोहे आणि गोड चहा, दुपारी भात-बटाटा, रात्री जागताना बिस्किटं आणि थंड पेयाची बाटली. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे आपलंच जेवण त्या मानाने कितीतरी संथ. जिममध्ये जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनकडे संशयाने बघावं, त्याचा मुरमांशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तिखटाचा मात्र सिद्ध झालेला संबंध नाही. ठेचा खुशाल खावा.

पाण्याची गोष्ट मराठवाड्यात निराळी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा तोंड धुणं हीसुद्धा हिशेबाची गोष्ट होती. ती सवय या बाबतीत तरी चुकीची नव्हती. चेहरा दिवसातून दोनदा, आणि घाम आल्यावर एकदा, एवढाच धुवावा. पाच वेळा घासून धुतल्याने त्वचेचं कवच फाटतं आणि मुरूम चिडतात. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा साका त्वचेवर राहतो, म्हणून तिथे साबण टाळून सौम्य फेसवॉश बरा.

उन्हासाठी बांधायचा स्कार्फ ही इथल्या मुलींची ढाल आहे, सोडा म्हणण्यात अर्थ नाही. पण घामाने भिजलेलं तेच कापड आठवडाभर गालांवर घासत राहिलं तर गालावर, जबड्यावर पुटकुळ्या उठतात. दोन सुती स्कार्फ ठेवावेत, रोज एक धुवावा. हेल्मेटचा पट्टा, पगडीची घट्ट कड, कपाळावर ओघळणारं खोबरेल, यांचंही तेच. तेल लावायचं तर रात्री केस बांधून, सकाळी न्हाऊन टाकावं.

उरले डाग आणि खड्डे. लोक दोन्हींना एकच समजतात. सपाट, काळपट ठिपका हा डाग. दाह झाला की आपली सावळी त्वचा तिथे जास्त रंग ओतते. तो काही महिन्यांत, कधी वर्षाने, स्वतः फिकट होतो, पण ऊन लागत राहिलं तर हटत नाही. म्हणून जखम बंद झाल्यावर लावायची पहिली गोष्ट सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, जेलसारखं हलकं. सावळ्या त्वचेवर नुसता दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो, तिथे लोहाचे ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त कामाचं. अझेलाइक ॲसिड मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानलं जातं. खड्डा ही वेगळी गोष्ट, तिथलं आतलं बांधकामच ढासळलेलं असतं. क्रीमने तो भरत नाही, जाहिरात काहीही म्हणो. सुयांनी त्वचा टोचणं, खालचे ताणलेले धागे सोडवणं, लेसर, यातलं काय कुठे चालेल ते खड्ड्याच्या आकारावर ठरतं. आणि हे सगळं नवे मुरूम थांबल्यावरच. सावळ्या त्वचेवर लेसर चुकला तर नवा काळेपणा येतो. लग्नाला महिना उरलेला असताना ही कामं करायला निघू नये.

दवाखाने जवळ आहेत. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. पण या शाखेचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. दारावर हे तीन शब्द वाचून सोळा वर्षांची मुलगी बाहेरच्या बाकावर बसायला कचरते, ओळखीचं कुणी बघेल म्हणून बाप तिला परत नेतो. कुष्ठरोगाला चिकटलेली लाज आपणच चिकटवलेली आहे, आणि तिचा फटका मुरमांच्या पोरींनाही बसतो आहे. तिथे बसायला लाजण्यासारखं काही नाही. उपचार सुरू करायचे तर मे महिन्यातली 'नीट' परीक्षा झाली की करावेत. बारा आठवडे मिळतात, त्यात पावसाळ्याचं ढगाळ आभाळ साथीला असतं, औषधाची आग कमी होते. घरच्यांनी सोबत जावं, बाहेर थांबायला सांगितलं तर बाहेर थांबावं, म्हणजे पोरगी पाळीचं मोकळं बोलेल. आणि आजवर जी जी ट्यूब लावली ती पिशवीत घालून न्यावी, संपलेली, चेपलेली, मैत्रिणीकडून घेतलेली असली तरी.